भंगार, गहू आणि विद्या : फुलब्राइट योजनेचा इतिहास आणि आपली विद्यापीठे

१/
परदेशी शिष्यवृत्ती म्हटली की हारतुरे, वृत्तपत्रातील छायाचित्र आणि आई-वडिलांचा अभिमान डोळ्यांसमोर येतो. त्या शिष्यवृत्तीचे पैसे मुळात कुठून आले, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. जगातील सर्वाधिक नावाजलेल्या विद्वत्-विनिमय योजनांपैकी एक म्हणजे फुलब्राइट. तिचे पहिले भांडवल होते दुसऱ्या महायुद्धातून उरलेले लष्करी सामान. भारतात त्याला पुढे रेशनच्या गव्हाची जोड मिळाली. या भंगारातून आणि गव्हातून विद्या कशी उगवली, तिचा वाटा कोणाला किती मिळाला आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज या कथेत कसे आले, याचा हा सविस्तर धागा.

२/
आधी थोडी पूर्वपीठिका. विसाव्या शतकाच्या आरंभी 'शिष्यवृत्ती' म्हणजे एकेरी रस्ता होता. १९०२ साली सेसिल ऱ्होड्स वारला आणि त्याच्या मृत्युपत्रातून ऑक्सफर्डची ऱ्होड्स शिष्यवृत्ती जन्मली. पैसा दक्षिण आफ्रिकेतील हिऱ्यांचा होता आणि स्वप्न ब्रिटिश साम्राज्याचे. साम्राज्यातील वसाहती, अमेरिका आणि जर्मनी येथील निवडक तरुणांनी ऑक्सफर्डला यावे, तेथील संस्कार घ्यावेत आणि परत जाऊन नेतृत्व करावे, अशी ती कल्पना होती. ऑक्सफर्डने कोणाकडे जाऊन काही शिकावे, हा विचार त्यात नव्हता.

३/
दुसरे उदाहरण चीनचे. बॉक्सर उठाव मोडून काढल्यावर १९०१ च्या तहाने विजयी राष्ट्रांनी चीनवर ४५ कोटी टेल चांदीचा दंड लादला. अमेरिकेच्या वाट्याला आलेली रक्कम तिच्या प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा बरीच जास्त होती. जादा भाग सोडून देण्यास १९०८ मध्ये अमेरिकी काँग्रेसने संमती दिली आणि तो पैसा चिनी विद्यार्थ्यांना अमेरिकेत पाठवण्यासाठी वापरायचे ठरले. १९०९ मध्ये ४७ विद्यार्थ्यांची पहिली तुकडी निघाली. त्यांच्या पूर्वतयारीसाठी १९११ मध्ये जी शाळा निघाली, तिचेच आज चिंग्हुआ विद्यापीठ झाले आहे. म्हणजे दंडाच्या पैशातून एक विद्यापीठ उभे राहिले.

४/
या दंडाच्या पैशावर १९१० मध्ये गेलेल्यांपैकी एक होते हू शी. ते आधी कॉर्नेलला आणि १९१५ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जॉन ड्युई यांच्याकडे गेले. त्याच विद्यापीठात त्या वर्षी बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर आलेले भीमराव आंबेडकर शिकत होते. तेही ड्युईंचे विद्यार्थी. एकाच्या पाठीशी युद्धदंड होता, तर दुसऱ्याच्या पाठीशी सयाजीराव महाराजांचे दरमहा साडेअकरा पौंड आणि शिक्षणानंतर दहा वर्षे बडोद्याची नोकरी करण्याची अट. पुढे एकाने चीनमध्ये लोकभाषेच्या साहित्याची चळवळ उभारली आणि दुसऱ्याने भारताची राज्यघटना घडवण्यात प्रमुख वाटा उचलला.

५/
या दोन्ही उदाहरणांत व्यक्ती घडल्या, पण विद्यापीठांमधील नाते एकतर्फीच राहिले. 'मागास' देशातून विद्यार्थी जायचा, 'प्रगत' देशातून ज्ञान यायचे. अमेरिकी तरुणाने पुण्यात वा पेकिंगमध्ये येऊन तेथील भाषा शिकावी, तेथील विद्वानांसमोर विद्यार्थी म्हणून बसावे आणि त्यासाठी सरकारने पद्धतशीर तजवीज करावी, ही कल्पना रुजायला दुसरे महायुद्ध घडावे लागले.

६/
आता मुख्य पात्र. जेम्स विल्यम फुलब्राइट यांचा जन्म १९०५ चा, वास्तव्य आर्कान्सा या दक्षिणेकडील, शेतीप्रधान आणि तुलनेने गरीब राज्यात. १९२५ मध्ये ते ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डच्या पेम्ब्रोक कॉलेजात दाखल झाले. या वास्तव्याने आपली दृष्टी बदलली, असे ते पुढे आयुष्यभर सांगत राहिले. १९३९ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, ते आर्कान्सा विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. राज्याच्या गव्हर्नरशी बिनसल्याने १९४१ मध्ये ते पद गेले. मग ते राजकारणात उतरले आणि १९४५ मध्ये सिनेटर झाले.

७/
त्याच वर्षी युद्ध संपले आणि अमेरिकेपुढे एक विचित्र अडचण उभी राहिली. जगभरच्या तळांवर जीप, ट्रक, यंत्रे, औषधे, कापड आणि डबाबंद अन्न यांचे डोंगर पडून होते. ते परत नेणे परवडणारे नव्हते. ज्या देशांत ते पडले होते, त्यांना ते हवे होते; पण त्यांच्यापाशी डॉलर नव्हते. त्यांच्यापाशी होते ते फक्त स्वतःचे चलन, जे अमेरिकेत चालत नव्हते. पहिल्या महायुद्धानंतर न फिटणाऱ्या कर्जांनी राष्ट्राराष्ट्रांत किती कटुता आणली, हे सर्वांना आठवत होते.

८/
फुलब्राइट यांची युक्ती अशी : सामान स्थानिक चलनात विका आणि ते चलन त्याच देशात विद्यार्थी व प्राध्यापकांच्या विनिमयासाठी खर्च करा. सप्टेंबर १९४५ मध्ये त्यांनी विधेयक मांडले. तेही नवा भव्य कायदा म्हणून मांडले नाही. आधीच्या अतिरिक्त मालमत्ता कायद्यातील एक दुरुस्ती म्हणून आणल्याने त्यावर फारशी चर्चा झालीच नाही. १ ऑगस्ट १९४६ रोजी अध्यक्ष ट्रूमन यांनी सही केली. एका देशासाठी एकूण २ कोटी डॉलर आणि वर्षाला १० लाख डॉलर, अशी किमतीची कमाल मर्यादा होती. अमेरिकी करदात्याच्या खिशातून नव्याने काही जात नसल्याने विरोधालाही जागा उरली नाही.

९/
या हिशेबातच योजनेचे बलस्थान होते आणि तिची मर्यादाही. स्थानिक चलन अमेरिकेत खर्च करता येत नसे. त्यामुळे त्या पैशातून अमेरिकी अध्येत्याचा परदेशातील राहण्याचा, प्रवासाचा आणि संशोधनाचा खर्च सहज भागे. उलट दिशेने जाणाऱ्याला मात्र बहुधा फक्त प्रवासखर्च मिळे. शिक्षणशुल्क आणि अमेरिकेतील राहणे यांसाठी डॉलर लागत. ते एखाद्या विद्यापीठाने किंवा खासगी प्रतिष्ठानाने द्यावे लागत, अथवा १९४८ च्या स्मिथ-मुंट कायद्याच्या तरतुदीतून मिळवावे लागत. विनिमय दुहेरी होता, पण दोन्ही बाजूंच्या पायवाटा सारख्या रुंद नव्हत्या. या धाग्यात पुढे हाच मुद्दा पुन्हा पुन्हा भेटेल.

१०/
पहिला करार कोणाशी झाला असेल? नोव्हेंबर १९४७ मध्ये, चीनशी. त्यानंतर ब्रह्मदेशाशी. चीनला गेलेल्या पहिल्या अमेरिकी अध्येत्यांपैकी डर्क बॉड हे चिनी तत्त्वज्ञानाच्या इतिहासाचे भाषांतर करण्यासाठी १९४८ मध्ये पेकिंगला पोहोचले. काही महिन्यांतच, जानेवारी १९४९ मध्ये, साम्यवादी सैन्य शहरात शिरले. बॉड यांनी त्या वर्षाची रोजनिशी लिहिली आणि ती १९५० मध्ये प्रसिद्ध झाली. चीनमधील योजना मात्र बंद पडली आणि पुन्हा सुरू व्हायला १९७९ उजाडले. राजकारण बदलले की विद्येचा पूल किती झटकन उचलला जातो, याचा धडा पहिल्याच देशात मिळाला होता.

११/
भारताशी करार झाला २ फेब्रुवारी १९५० रोजी, म्हणजे प्रजासत्ताक होऊन पुरता आठवडा लोटला होता. सह्या होत्या पंतप्रधान नेहरू आणि अमेरिकी राजदूत लॉय हेंडरसन यांच्या. दिल्लीत योजना चालवण्यासाठी एक प्रतिष्ठान स्थापन झाले आणि त्याच्या मंडळावर भारतीय व अमेरिकी असे दोन्ही सदस्य असत. ही गोष्ट वरवर प्रशासकीय वाटते, पण महत्त्वाची आहे. ऱ्होड्स योजनेत निवडीचा अंतिम अधिकार देणाऱ्याकडे होता. येथे निदान टेबलाच्या दोन्ही बाजूंना माणसे बसली होती. पैशाची चावी मात्र पुढची अठ्ठावन्न वर्षे मुख्यतः अमेरिकेकडेच राहिली.

१२/
आता गहू. १९५१ मध्ये भारतात भीषण अन्नटंचाई होती. अमेरिकेने २० लाख टन धान्यासाठी १९ कोटी डॉलरचे कर्ज दिले. त्या कायद्यात एक लहानसे कलम होते : कर्जाच्या व्याजातील ५० लाख डॉलरपर्यंतची रक्कम भारताच्या उच्च शिक्षणासाठी वापरावी. त्यातून आपल्या विद्यापीठांना अमेरिकी ग्रंथ आणि प्रयोगशाळांची उपकरणे मिळाली आणि भारतीय ग्रंथपाल प्रशिक्षणासाठी अमेरिकेला गेले. आपल्या एखाद्या जुन्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात पन्नाशीच्या दशकातील अमेरिकी पाठ्यपुस्तकांची रांग दिसली, तर ती या व्याजातून आलेली असणे अगदी शक्य आहे.

१३/
याहून मोठा प्रवाह आला १९५४ च्या 'पी. एल. ४८०' कायद्याने. अमेरिकेतील जादा धान्य भारताला मिळे आणि त्याची किंमत भारत रुपयांत भरे. साठीच्या दशकात रेशनच्या दुकानात रांग लावून घेतलेला तांबडा अमेरिकन गहू महाराष्ट्रातील एका पिढीला चांगला आठवतो. त्या गव्हाचे रुपये अमेरिकी सरकारच्या नावे भारतातच साचत गेले. ते बाहेर नेता येत नव्हते. मग त्यातला काही भाग फुलब्राइट योजनेला मिळाला, काही संशोधनाला आणि काही पुस्तकांना.

१४/
पुस्तकांची कथा विलक्षण आहे. १९५८ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला या रुपयांतून ग्रंथखरेदीची मुभा मिळाली. १९६२ मध्ये तिचे दिल्लीतील कार्यालय कामाला लागले. भारतात निघणाऱ्या महत्त्वाच्या प्रकाशनांच्या अनेक प्रती घ्यायच्या आणि निवडक अमेरिकी विद्यापीठांना एकेक प्रत पाठवायची, असा क्रम होता. इंग्रजीच नव्हे, तर मराठी, तमिळ, बंगाली अशा सर्व प्रमुख भाषांतील पुस्तके आणि नियतकालिके शिकागो, पेनसिल्व्हानिया, बर्कली, विस्कॉन्सिन अशा ठिकाणी पोहोचू लागली.

१५/
यामागे निव्वळ विद्याप्रेम नव्हते. ऑक्टोबर १९५७ मध्ये सोव्हिएत रशियाने स्पुटनिक सोडला आणि आपण जगाविषयी किती अज्ञानी आहोत, याची अमेरिकेला धास्ती वाटली. १९५८ च्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्याने विज्ञानाबरोबरच परकीय भाषांच्या केंद्रांना पैसा दिला. नावातच 'संरक्षण' होते. हिंदी, तमिळ वा मराठी शिकणारा अमेरिकी विद्यार्थी शीतयुद्धाच्या अंदाजपत्रकावर जगत होता, मग त्याला स्वतःला त्याची जाणीव असो वा नसो.

१६/
आता पुण्याकडे वळू. डेक्कन कॉलेजची पदव्युत्तर संशोधन संस्था १९३९ मध्ये सुरू झाली होती. संचालक सुमित्र मंगेश कात्रे यांच्या पुढाकाराने आणि रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या मदतीने पन्नाशीच्या दशकाच्या मध्यापासून तेथे भाषाविज्ञानाचे उन्हाळी वर्ग भरू लागले. चार्ल्स फर्ग्युसन, जॉन गंपर्झ यांच्यासारखे अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ शिकवायला आले. देशभरातून तरुण प्राध्यापक येत. संस्कृत व्याकरणाची जुनी परंपरा आणि बोलीभाषांचा प्रत्यक्ष अभ्यास करणारे नवे वर्णनात्मक भाषाविज्ञान येरवड्याच्या त्या आवारात समोरासमोर आले. आधुनिक भारतीय भाषाविज्ञानाची एक मोठी पिढी येथे घडली.

१७/
याच वातावरणातील दोन नावे पाहा. अशोक केळकर कॉर्नेल विद्यापीठात गेले, १९५८ मध्ये मराठीच्या ध्वनिव्यवस्था व रूपव्यवस्थेवर प्रबंध लिहिला आणि परत येऊन पुण्यात भाषाविज्ञान शिकवत राहिले. त्यांच्या 'रुजुवात' या ग्रंथाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. दुसरे ए. के. रामानुजन. त्यांनी डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञानाची पदविका घेतली, १९५९ मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्तीवर इंडियाना विद्यापीठ गाठले आणि पुढे शिकागोत प्राध्यापक झाले. कन्नड वचने आणि प्राचीन तमिळ कविता इंग्रजी वाचकाला भेटल्या, त्या बऱ्याच अंशी त्यांच्यामुळे. एक परतला, एक राहिला. विनिमयाच्या हिशेबात यातले नफा-तोटा कसे लिहिणार?

१८/
१९६१ मध्ये पेनसिल्व्हानियाचे संस्कृतज्ञ डब्ल्यू. नॉर्मन ब्राउन यांच्या पुढाकाराने अमेरिकी विद्यापीठांनी मिळून भारतविद्येच्या अभ्यासासाठी एक संस्था काढली. तिचे पहिले मुख्यालय डेक्कन कॉलेजातच होते. अमेरिकी अध्येत्यांना मराठी शिकायची तर पाठ्यपुस्तक हवे. पुढे या संस्थेने मॅक्सीन बर्नसन आणि लेखिका जाई निंबकर यांचा मराठीचा सघन अभ्यासक्रम आणि त्याच जोडीने मराठी-इंग्रजी शब्दकोश प्रसिद्ध केला. दोघींचीही कर्मभूमी फलटण. अमेरिकेतील वर्गात मराठीचे धडे गिरवले जात होते आणि त्या धड्यांचे बोट फलटणकडे जात होते.

१९/
आता या साऱ्यातून निर्माण झालेल्या ज्ञानाकडे पाहू. एलिनॉर झेलियट यांनी १९६९ मध्ये पेनसिल्व्हानिया विद्यापीठाला डॉ. आंबेडकर आणि महार चळवळ यांवर प्रबंध सादर केला. बाबासाहेबांना जाऊन तेव्हा जेमतेम तेरा वर्षे झाली होती. आपल्या इतिहास विभागांत काँग्रेसची चळवळ आणि मराठेशाही यांचे वर्चस्व होते. बाबासाहेबांच्या चळवळीचे दस्तऐवज जपणारे लोक विद्यापीठांबाहेर होते. चांगदेव खैरमोडे यांनी १९५२ पासून चरित्रखंड लिहायला घेतले होते, ते सरकारी नोकरी सांभाळून. वसंत मून यांच्यासारखे कार्यकर्ते कागद गोळा करत होते. झेलियट यांच्यासारख्या संशोधकांचे काम अशा माणसांच्या श्रमावर उभे राहिले.

२०/
येथे एक अवघड सत्य मान्य करावे लागते. खैरमोडे यांच्यापाशी साधने होती, जिद्द होती, भाषा होती. विद्यापीठाची खुर्ची नव्हती. झेलियट यांच्यापाशी भाषा नव्हती, ती त्या शिकल्या; खुर्ची मात्र होती. विनिमय योजनेने एका विषयाला जागतिक प्रतिष्ठा दिली, हे तिचे श्रेय. त्या विषयाला प्रतिष्ठा मिळण्यासाठी तो आधी फिलाडेल्फियाला जाऊन यावा लागला, हा आपल्या विद्यापीठांवरचा ठपका. झेलियट यांनी मराठी साधनांचे ऋण कधी लपवले नाही आणि दलित साहित्याचे इंग्रजी संकलन संपादित करून काही अंशी ते फेडलेही.

२१/
दुसरे नाव गेल ऑम्व्हेट यांचे. मिनेसोटातील ही तरुणी १९६३-६४ मध्ये फुलब्राइट योजनेतून इंग्रजी शिकवण्यासाठी प्रथम भारतात आली. पुढे बर्कलीतून पश्चिम भारतातील ब्राह्मणेतर चळवळीवर १९७३ मध्ये प्रबंध लिहिला. भारत पाटणकर यांच्याशी विवाह झाला, सांगली जिल्ह्यातील कासेगाव हे घर झाले आणि १९८३ मध्ये त्यांनी भारतीय नागरिकत्व घेतले. परित्यक्तांचे प्रश्न, पाण्याचे समन्यायी वाटप, शेतकरी आणि दलित चळवळ यांत त्या शेवटपर्यंत, म्हणजे २०२१ पर्यंत, राहिल्या. 'गेलताई' ही हाक कोणत्याही शिष्यवृत्तीच्या अहवालात मोजता येत नाही.

२२/
ऑम्व्हेट यांच्या प्रबंधाचे साल पुन्हा पाहा : १९७३. बरोबर शंभर वर्षांपूर्वी, १८७३ मध्ये, जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' लिहिली आणि ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केली. पुण्यातून अमेरिकेकडे गेलेली ही एक वैचारिक देणगी होती. तिला ना करार होता ना मंडळ. शंभर वर्षांनी एक अमेरिकी अभ्यासक फुल्यांचा विचार समजून घेऊन जगापुढे मांडत होती. विनिमय हा शब्द मला या दोन तारखांमध्ये सर्वांत खरा वाटतो.

२३/
आणि येथेच सिनेटर फुलब्राइट यांचा विरोधाभास टोचतो. हा माणूस १९५४ मध्ये सिनेटर मॅकार्थी यांच्या चौकशी समितीला पैसे देण्याविरुद्ध मत देणारा एकमेव सिनेटर होता. व्हिएतनाम युद्धावर त्याने १९६६ मध्ये उघड सुनावण्या घेतल्या आणि त्याच वर्षी सत्तेच्या उन्मत्तपणावर पुस्तक लिहून आपल्याच पक्षाच्या अध्यक्षाशी वैर पत्करले. पण याच माणसाने १९५६ मध्ये शाळांतील वर्णभेद टिकवू पाहणाऱ्या दक्षिणी जाहीरनाम्यावर सही केली आणि १९६४ च्या नागरी हक्क कायद्याला विरोध केला. परदेशी माणसाला समजून घ्या, असे जगाला सांगणाऱ्याला आर्कान्सातील कृष्णवर्णीय शेजाऱ्याच्या हक्कासाठी उभे राहणे जमले नाही.

२४/
संस्थापकाच्या मर्यादा योजनेला चिकटतातच असे नाही, हे ऑम्व्हेट यांच्या उदाहरणावरून दिसते. फुलब्राइट यांच्या कायद्याने आलेल्या व्यक्तीने जातिअंताच्या चळवळीला आयुष्य दिले. माणसाला एकदा दुसऱ्या समाजात मोकळे सोडले की तो काय शिकेल, यावर पैसे देणाऱ्याचे नियंत्रण राहत नाही. अशा योजनांची हीच खरी ताकद आहे आणि सरकारांना त्यांची वाटणारी धास्तीही त्यातूनच येते.

२५/
अभ्यासक्रमांवर काय परिणाम झाला? अमेरिकी अभ्यागत प्राध्यापकांबरोबर अमेरिकी साहित्य आपल्या इंग्रजी विभागांत आले. तोवर एम.ए. इंग्रजी म्हणजे चॉसरपासून एलियटपर्यंतचे ब्रिटिश वाङ्मय. १९६४ मध्ये हैदराबादला अमेरिकी अभ्यासाचे मोठे केंद्र आणि ग्रंथालय निघाले आणि महाराष्ट्रातील कितीतरी प्राध्यापकांनी सुट्यांत तेथे राहून प्रबंध पुरे केले. १९६२ ते १९७२ या काळात नऊ अमेरिकी विद्यापीठांनी कानपूरच्या आय.आय.टी.ला साहाय्य केले. पंतनगरच्या कृषी विद्यापीठामागे इलिनॉय विद्यापीठ होते. सत्र पद्धत, अंतर्गत मूल्यमापन, श्रेणी आणि श्रेयांक हे शब्द आपल्याकडे रुळण्यात या संस्थांचा मोठा वाटा आहे.

२६/
दुसरी महासत्ताही स्वस्थ नव्हती. पवईची आय.आय.टी. १९५८ मध्ये युनेस्कोमार्फत आलेल्या सोव्हिएत मदतीवर सुरू झाली. रशियन तज्ज्ञ आणि यंत्रे पवईत आली आणि आपले शिक्षक प्रशिक्षणासाठी रशियात गेले. १९६० मध्ये मॉस्कोत आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतील विद्यार्थ्यांसाठी खास विद्यापीठ निघाले. पुढे त्याला काँगोचे नेते पॅट्रिस लुमुम्बा यांचे नाव दिले गेले. भारताने दोन्ही दारे उघडी ठेवली. अलिप्ततेचा हा एक फायदा इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच लिहिला जातो.

२७/
मग संशयाचे वर्ष आले. १९६७ मध्ये अमेरिकेची गुप्तहेर संस्था विद्यार्थी संघटना आणि सांस्कृतिक प्रतिष्ठानांना गुपचूप पैसा पुरवते, हे उघड झाले. १९६८ मध्ये बर्कली विद्यापीठाच्या हिमालयीन सीमावर्ती देशांवरील प्रकल्पाला अमेरिकी संरक्षण खात्याचा पैसा असल्याचे समजल्यावर भारतात गदारोळ झाला. त्याच वर्षी दिल्लीच्या 'सेमिनार' मासिकाने 'शैक्षणिक वसाहतवाद' या विषयावर अंक काढला. भारत कच्ची सामग्री पुरवणार आणि सिद्धान्त तिकडे तयार होणार, ही त्यातील मूळ तक्रार. परदेशी संशोधकांच्या परवानग्या कडक झाल्या. प्रामाणिक अभ्यासकालाही त्याची झळ बसली, पण तक्रार निराधार नव्हती.

२८/
'मेंदूंची गळती' हा दुसरा आक्षेप. येथे एक फरक लक्षात घ्यावा. विनिमय योजनेतून गेलेल्याला १९५६ पासून अट होती, की परत जाऊन दोन वर्षे मायदेशी राहिल्याशिवाय अमेरिकेत कायमचे स्थायिक होता येणार नाही. मोठी गळती झाली ती १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर, स्वतःच्या बळावर वा विद्यापीठाच्या साहाय्यवृत्तीवर गेलेल्यांची. २०२३-२४ मध्ये अमेरिकेत तीन लाखांहून अधिक भारतीय विद्यार्थी होते आणि त्यांतील बहुसंख्य स्वखर्चाने वा कर्ज काढून गेलेले. याला आपण सवयीने 'शैक्षणिक देवाणघेवाण' म्हणतो. प्रत्यक्षात ती खरेदी आहे. तिकडून इकडे शिकायला येणारे मात्र मोजकेच.

२९/
गव्हाच्या रुपयांचे शेवटी काय झाले? ते इतके साचले की भारताच्या अर्थव्यवस्थेला त्यांची भीती वाटू लागली. १८ फेब्रुवारी १९७४ रोजी राजदूत डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन यांनी भारत सरकारला १६६४ कोटी रुपयांचा धनादेश दिला. तोवरचा जगातील सर्वांत मोठा धनादेश म्हणून त्याची नोंद झाली. भारताच्या डोक्यावरचा बोजा उतरला, पण विद्येसाठी सहज उपलब्ध असलेला झराही आटत गेला.

३०/
४ जुलै २००८ रोजी नवा करार झाला आणि खर्चाचा निम्मा वाटा भारताने उचलला. योजनेचे नाव झाले फुलब्राइट-नेहरू. अठ्ठावन्न वर्षांनी टेबलाच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या सारख्या उंचीच्या झाल्या. उलट जुलै २०२० मध्ये अमेरिकी अध्यक्षांच्या आदेशाने चीन आणि हाँगकाँगमधील योजना बंद झाली. ज्या देशापासून सुरुवात झाली, तेथेच पूल पुन्हा उचलला गेला. जून २०२५ मध्ये तर अमेरिकेतील फुलब्राइट मंडळाच्या जवळजवळ सर्व सदस्यांनी, सरकार निवडींत हस्तक्षेप करते असा आक्षेप घेत, एकत्र राजीनामे दिले. जी संस्था ऐंशी वर्षे टिकली, ती यापुढेही टिकेलच, असे गृहीत धरता येत नाही.

३१/
या इतिहासातून मला तीन गोष्टी ठळक दिसतात. पहिली, पैशाचे मूळ शुद्ध नसले तरी त्यातून चांगले काम होऊ शकते. पण त्यासाठी निवडीत दोन्ही बाजूंचा आवाज हवा. दुसरी, भाषा शिकून आलेला अभ्यासक आणि न शिकता आलेला अभ्यासक यांच्या कामात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. झेलियट, ऑम्व्हेट आणि बर्नसन यांची कामे टिकली, कारण त्या मराठीत उतरल्या. तिसरी, परतणाऱ्याला सामावून घेणारी संस्था घरी नसेल, तर अट घालून माणूस परत येतो, त्याचे काम येत नाही. केळकर परतले तेव्हा डेक्कन कॉलेज उभे होते.

३२/
आज परदेशी विद्यापीठांच्या शाखा, दुहेरी पदव्या आणि श्रेयांकांच्या बँका यांची चर्चा जोरात आहे. किती मुले बाहेर गेली, याचे आकडे अभिमानाने छापले जातात. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. मग एक आकडा असाही हवा : या वर्षी जगातून किती जण मराठी शिकायला आले? त्यांना राहायला खोली, शिकवायला प्राध्यापक, वाचायला सूची लावलेले ग्रंथालय आणि जुन्या नियतकालिकांचे सुस्थितीतील अंक आपण देऊ शकतो का? साठीच्या दशकात गव्हाच्या रुपयांतून शिकागोला गेलेले मराठी मासिकांचे अंक आज आमच्या पिढीतील इतिहासाचे विद्यार्थी तिकडच्या सूचीत शोधतात. ते इकडेही सापडायला हवेत.

३३/
यजमान होण्याची ऐपत नसलेली विद्या फक्त पाहुणी म्हणून जगभर हिंडत राहते. यजमान होण्यासाठी आपल्याला दुसऱ्याच्या भंगाराची किंवा गव्हाची वाट पाहण्याची आता गरज नाही. धागा येथे संपवतो. आपल्या विद्यापीठात एखादे अमेरिकी वा रशियन प्राध्यापक शिकवायला आले असल्याची आठवण असेल, किंवा घरातील कोणी त्या काळात अशा योजनेतून गेले असेल, तर ती हकिगत खाली अवश्य लिहा. असा इतिहास सरकारी दप्तरांपेक्षा घरच्या पत्रांत अधिक सापडतो.